ॲट्राझिनने बिघडलेली विहीर: मुरमाच्या थरात कार्बनची भिंत घालताना

उसाच्या आणि मक्याच्या पट्ट्यात ॲट्राझिन हे नेहमीचं तणनाशक. ५० टक्के भुकटीच्या अर्ध्या किलोच्या पुडीत २५० ग्रॅम मूळ रसायन असतं. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० : २०१२ या मानकात ॲट्राझिनची मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब केला तर एका पुडीतलं औषध साडेबारा कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकतं. म्हणून शेतभर रीतसर फवारलेल्या औषधापेक्षा विहिरीच्या काठावर कालवलेलं, सांडलेलं आणि पंप धुताना वाहून गेलेलं औषध विहिरीला जास्त नडतं.

हा लेख अशाच विहिरीबद्दल आहे. वरच्या अंगाला औषध कालवायची जागा, खाली मुरूम, त्याखाली कठीण काळा पाषाण आणि उताराच्या बाजूला विहीर. पाणी उपसून गाळण्याऐवजी ते जमिनीतून वाहत असतानाच वाटेत आडवा चर खणायचा आणि रसायन धरून ठेवणाऱ्या मालाने तो भरायचा, ही पद्धत इथे तपशिलाने दिली आहे. जगात अशा झिरपत्या भिंती १९९० च्या दशकापासून घातल्या जातात. अमेरिकेत एलिझाबेथ सिटी इथे १९९६ साली लोखंडाच्या दाण्यांची ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल आणि ०.६ मीटर जाड भिंत घातली गेली, ती क्रोमियम आणि औद्योगिक द्रावकासाठी. तणनाशकासाठी पद्धत तीच राहते, भरायचा माल मात्र बदलतो.

आधी दोष कुठला ते ठरवा

नमुना तपकिरी काचेच्या एक लिटरच्या बाटलीत घ्या, बर्फात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवा. प्रयोगशाळा एनएबीएल (राष्ट्रीय प्रयोगशाळा मान्यता मंडळ) मान्यतेची हवी. तिथे आधी विचारायचं की त्यांचं यंत्र लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजतं का. ‘आढळलं नाही’ असा अहवाल देणाऱ्या यंत्राची पोच ५ मायक्रोग्रॅमपर्यंतच असेल तर त्या अहवालाला काही अर्थ नाही. ॲट्राझिनसोबत त्याचे तुटलेले अंशही मागा: डिसइथाइल-ॲट्राझिन (थोडक्यात डीईए), डिसआयसोप्रोपिल-ॲट्राझिन आणि हायड्रॉक्सी-ॲट्राझिन.

डीईएचा आकडा बरंच सांगतो. मातीतले जीवाणू ॲट्राझिन हळूहळू मोडतात तेव्हा डीईए तयार होतं. औषध शेतातल्या मातीतून महिनोन्‌महिने झिरपत आलं असेल तर डीईएचं प्रमाण ॲट्राझिनच्या बरोबरीचं किंवा जास्त दिसतं. सांडलेलं औषध मातीला वळसा घालून, भेगांतून थेट खाली गेलं असेल तर ॲट्राझिन भरपूर आणि डीईए नगण्य असतं. पहिल्या प्रकारात सगळं शेतच उगमस्थान असतं. तिथे भिंतीचा उपयोग नाही, औषध बदलणं हाच इलाज. दुसऱ्या प्रकारात एक ठिकाण सापडतं, आणि भिंत त्याच्यासाठीच.

सोबत नायट्रेट, बायकार्बोनेट, पीएच, विद्राव्य ऑक्सिजन आणि सेंद्रिय कार्बनही मोजून घ्या. माल निवडताना हे आकडे लागतात.

तोवर प्यायचं पाणी दुसरीकडून आणा. पाणी उकळून ॲट्राझिन जात नाही. उलट पाणी आटल्यावर ते थोडं दाटच होतं. उसाला हे पाणी चालतं: लिटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या पाण्याची ५ सेंटिमीटरची पाळी दिली तर एकरी ८ ग्रॅम ॲट्राझिन पडतं, आणि उसात फवारणीचा डोस त्याच्या कितीतरी पट असतो. भाजीपाल्याच्या रोपांना मात्र ते देऊ नका.

उगम उपसा, मगच भिंतीचा विचार

कालवायच्या जागेची माती तशीच ठेवून खाली भिंत घातली तर भिंत वर्षानुवर्षं नवं औषध झेलत बसते. ती जागा एक ते दीड मीटर खोल, डाग दिसतो त्याच्याबाहेर अर्धा मीटर धरून उकरून काढा. दर दोन-तीन घनमीटर मातीमागे एक मिश्र नमुना तपासा.

या मातीचं काय करायचं हा खरा पेच. अमेरिकेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन राज्यांत अशी माती, औषधाच्या लेबलवरच्या मात्रेपेक्षा जास्त होणार नाही अशा बेताने, त्याच पिकाच्या शेतात पातळ पसरायला परवानगी देतात. उदाहरण घ्या: ५ घनमीटर माती म्हणजे साधारण ७ टन. किलोमागे २० मिलिग्रॅम ॲट्राझिन असेल तर एकूण १४० ग्रॅम. एका एकरावर पसरली तर हेक्टरी एक किलोच्या, म्हणजे एकरी ४०० ग्रॅमच्या मात्रेच्या निम्मंही होत नाही. पण त्या जागेवर कीटकनाशकंही कालवली जात असतील तर हा मार्ग बंद. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून ती माती तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या धोकादायक कचरा केंद्रात पाठवावी लागते. पसरण्याआधीही मंडळाला विचारलेलं बरं.

पर्सल्फेटसारखी ऑक्सिडंट द्रावणं मातीत सोडून औषध जाळायचा पर्याय सुचवला जातो. अगदी दाट सांडलेल्या जागी ते काम करतं, पण अर्धवट काम झालं तर ॲट्राझिनचं डीईए होऊन बसतं आणि पाण्यात सल्फेट वाढतं. भिंतीच्या वरच्या बाजूला ते वापरूच नका, कार्बनचा पृष्ठभाग त्याने बिघडतो. उकरून काढणं स्वस्त आणि खात्रीचं.

पाणी कुठून कुठे जातं

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग डेक्कन ट्रॅपच्या बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहे, आणि त्यात विहिरीला पाणी देतो तो वरचा मुरूम किंवा मांजऱ्या. जमिनीच्या उतारावरून पाण्याची दिशा ठरवायला जाल तर फसाल. मुरमाचा तळ वरच्या जमिनीसारखा असेलच असं नाही, आणि उपसा चालू असताना पाणी चारी बाजूंनी विहिरीकडे ओढलं जातं.

त्रिकोणात तीन निरीक्षण नळ्या घाला. साडेसहा इंची बोअर, त्यात ४ इंची पीव्हीसी पाइप, खालचे दोन मीटर फटींचे, भोवती धुतलेली बारीक खडी, वर अर्धा मीटर बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) आणि तोंडाशी सिमेंट. बोअर कठीण पाषाणाला टेकला की थांबवा. बोअरवाला आणखी २० फूट मारून देतो म्हणेल, पण त्या २० फुटांत वरचं बिघडलेलं पाणी खालच्या भेगेत उतरायला कायमची वाट तयार होते. जवळ जुनी, केसिंग कमी असलेली बोअरवेल असेल तर ती सिमेंटच्या गाऱ्याने बुजवणं हे भिंतीच्याही आधीचं काम.

तिन्ही नळ्यांची तोंडं लेव्हल मशीनने एकाच संदर्भाला बांधून पाण्याची पातळी मे, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारीत मोजा. प्रत्येक वेळी मोटर बारा तास बंद ठेवून एकदा आणि चालू असताना एकदा. दिशा पावसाळ्यात किती फिरते त्यावर भिंतीची लांबी ठरते.

मुरमातून पाणी किती सुटतं ते त्याच नळीत मोजता येतं. पावसाळ्यानंतर नळीतून झटकन एक-दोन बादल्या पाणी काढा आणि पातळी किती वेळात भरून येते ते घड्याळ लावून बघा. वर सांगितलेल्या मापाच्या नळीत उतरलेल्या पातळीपैकी ६३ टक्के भरपाई सुमारे एका मिनिटात झाली तर पारगम्यता, म्हणजे थराची पाणी वाहू देण्याची क्षमता, दिवसाला ३ मीटरच्या आसपास. दोन मिनिटं लागली तर दीड मीटर, अर्धा मिनिट लागला तर ६. तिन्ही नळ्यांत दहापट फरक दिसला तर दचकू नका, बेसॉल्टमध्ये तसं होतं. डिझाइनला सगळ्यात मोठा आकडा धरा.

माल कोणता

इथे बहुतेक सल्ले लोखंडाकडे जातात, कारण झिरपत्या भिंती म्हटलं की लोखंड. ॲलाक्लोर आणि मेटोलाक्लोर या तणनाशकांचा क्लोरीन लोखंड चांगला सोडवतं. ॲट्राझिनशी मात्र त्याची प्रतिक्रिया संथ असते, आणि लोखंडाच्या भिंतीत पीएच ९ ते १० पर्यंत चढतो तेव्हा आणखी मंदावते. त्यात आपल्या भागातलं पाणी जड: बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे दाण्यांवर चुन्याचा थर बसतो. उसाच्या पट्ट्यात नायट्रेटही असतं. लोखंड आधी त्याच्याशी झुंजतं, त्याचं अमोनिया करतं आणि स्वतः निकामी होतं. म्हणून ॲट्राझिनसाठी लोखंड नको. ॲलाक्लोरसाठी वापरायचं असेल तर दाणे ०.३ ते २.५ मिलिमीटरचे घ्या आणि लेथवरचा बिडाचा कीस कटिंग ऑइलसकट कधीही टाकू नका, तेलाचा पातळ थर असला तरी कीस काम करत नाही.

२,४-डी साठी भिंतीची गरजच सहसा पडत नाही. हवेशीर पाण्यात जीवाणू ते सहज खातात, उथळ नळ्यांतून हवा सोडणं पुरतं. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, भूजलात क्वचितच पोचतं. पोचलंच तर कार्बन त्याला नीट धरत नाही.

ॲट्राझिन खाणारे जीवाणू आहेत. १९९५ मध्ये वर्णन झालेला स्यूडोमोनास एडीपी हा त्यांतला प्रसिद्ध. तो ॲट्राझिनमधला नायट्रोजन अन्न म्हणून वापरतो, आणि अडचण तिथेच आहे: पाण्यात नायट्रेटची रेलचेल असताना ॲट्राझिन फोडून नायट्रोजन मिळवायची गरज त्याला उरत नाही. बाटलीतून जीवाणू ओतून भूजल साफ होईल असं विकणाऱ्याला आपल्या विहिरीचं नायट्रेट दाखवा आणि मग उत्तर ऐका.

राहतो तो नारळाच्या कवटीचा दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन. तो ॲट्राझिन मोडत नाही, धरून ठेवतो. कालांतराने त्यावर जीवाणू बसून थोडं मोडलं तर तो फायदाच. दाणा ८ × ३० मेशचा घ्या, म्हणजे साधारण ०.६ ते २.४ मिलिमीटर. भुकटी घेतली तर भिंत तुंबते. बगॅसचा किंवा लाकडाचा साधा कोळसा स्वस्त पडतो, पण त्याची धरण्याची ताकद प्रत्येक भट्टीला वेगळी असते, म्हणून चाचणीशिवाय तो भरू नये. आणि कार्बनच्या वरच्या बाजूला लाकडाचा भुस्सा घालून नायट्रेटही काढू, असा मोह होतो. भुश्शातून सुटणारं सेंद्रिय द्रव्य कार्बनवरच्या जागा अडवतं. नायट्रेट काढायचंच असेल तर भुस्सा खालच्या बाजूला, वेगळ्या चरात.

आकडे मांडून बघा

समजा बाधित पट्टा १० मीटर रुंद, कठीण पाषाण ५.५ मीटरवर, उन्हाळ्यात पाणी ४.२ मीटरवर आणि भर पावसात १.२ मीटरवर. पारगम्यता दिवसाला ३ मीटर, पाण्याचा उतार ०.०१५, म्हणजे १०० मीटरमागे दीड मीटर.

दोन्ही टोकांना अडीच मीटर जास्त धरून भिंत १५ मीटर लांब. जाडी ०.६ मीटर, कारण बकेटची रुंदीच तेवढी असते. खोली ५.८ मीटर, म्हणजे पाषाणात ३० सेंटिमीटर रुतवलेली. मालाचा माथा जमिनीखाली १ मीटरवर, पावसाळ्यातल्या पातळीच्या वर. मालाचं घनफळ १५ × ४.८ × ०.६, म्हणजे सुमारे ४३ घनमीटर.

दर चौरस मीटरमधून रोज जाणारं पाणी ३ × ०.०१५ = ०.०४५ घनमीटर. ही गणना करताना एक चूक नेहमी होते: मुरमातला वेग भिंतीतही तसाच धरला जातो. मुरमाची उपयोगी सच्छिद्रता ०.०५ असेल तर तिथला वेग दिवसाला ०.९ मीटर निघतो, पण भिंतीची सच्छिद्रता ०.४ आहे, म्हणून आत तेच पाणी दिवसाला ११ सेंटिमीटरने सरकतं. भिंतीत ते सव्वापाच दिवस राहतं. पावसाळ्यात उतार दीडपट झाला तरी साडेतीन दिवस मिळतात. कार्बनला तेवढे पुरतात.

भर पावसात ओला थर ४.३ मीटर, म्हणजे रोज सुमारे ३,००० लिटर पाणी भिंतीतून जाणार. लिटरमागे ४० मायक्रोग्रॅम धरले तर रोज १२० मिलिग्रॅम, वर्षाला ४४ ग्रॅम, १५ वर्षांत ६६० ग्रॅम ॲट्राझिन. स्वच्छ पाण्यात कार्बन यापेक्षा खूप जास्त धरतो, पण जमिनीतलं सेंद्रिय द्रव्य जागा खातं. म्हणून ग्रॅम कार्बनमागे फक्त १ मिलिग्रॅम धरा. गरज ६६० किलोची निघते. प्रत्यक्षात घनफळाच्या १५ टक्के, म्हणजे साडेसहा घनमीटर, वजनाने सव्वातीन टन कार्बन घाला. पाचपट जास्त वाटेल. पण पाणी सगळ्या भिंतीतून सारखं जात नाही. एखाद्या फुटक्या पट्ट्यातून निम्मं पाणी येतं आणि तिथला कार्बन आधी संपतो.

उरलेला माल १ ते २ मिलिमीटरची वाळू. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड आणली तर ती धुतल्याशिवाय वापरू नका. तिच्यातली बेसॉल्टची पूड तळाशी बसून भिंतीचं बूच बनवते. धुतलेली वाळू काचेच्या बरणीत पाण्यासोबत हलवून ठेवा. दहा मिनिटांत वरचं पाणी नितळ दिसलं तर वाळू चालेल.

सगळं ठरवण्याआधी एक चाचणी करा. ६० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर व्यासाचा कडक पाइप उभा करून त्यात वाळू-कार्बनचं तेच मिश्रण भरा, आणि विहिरीचंच पाणी खालून वर, तासाला १५ मिलिलिटरने सोडा. शेजारी नुसत्या वाळूचा दुसरा पाइप ठेवा, म्हणजे ॲट्राझिन पाइपलाच चिकटत नाही ना ते कळेल. मऊ रबरी नळ्या टाळा. १५, ३० आणि ४५ सेंटिमीटरवरून दर आठवड्याला नमुना घ्या. दोन महिन्यांत १५ सेंटिमीटरवरच आकडा चढू लागला तर कार्बन हलका आहे, पुरवठादार बदला.

खोदाई

काम मेमध्ये, पाणी सगळ्यात खाली असताना. जेसीबी साधारण साडेचार मीटरपर्यंतच पोचतो. ५.८ मीटरसाठी २० टनी पोकलेन लागेल आणि तळाचा पाषाण खोबणीसारखा कोरायला ब्रेकर.

दीड मीटरच्या खाली चरात कोणीही उतरायचं नाही, बकेट अडकली तरी नाही. काळी माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी दिसते आणि अचानक पूर्ण फळी कोसळते. वरची काळी माती दोन्ही बाजूंना उतार देऊन आधीच काढून टाका. मुरूमही ढासळत असेल तर चर ग्वार गमच्या (गवारीच्या बियांच्या डिंकाच्या) गाऱ्याने भरलेला ठेवून खणतात. ०.६ ते १ टक्का गम पाण्यात फेटून ओततात, तो चराच्या बाजू दाबून धरतो, आणि माल भरल्यावर एन्झाइम टाकून तोडतात. एन्झाइम विसरलं तर गम महिनोन्‌महिने पाणी अडवतो.

चरात साठणारं पाणी पंपाने काढून उसात सोडा, ओढ्यात नाही.

बकेट चिकट थरावरून घासत गेली की चराच्या बाजूला गुळगुळीत लेप बसतो आणि पाणी भिंतीत शिरायचं सोडून बाजूने वळतं. शेवटचा हात दात असलेल्या बकेटने मारून बाजू खरवडून घ्या.

कार्बन कोरडा टाकला तर तरंगतो. आदल्या दिवशी टाक्यांत पाणी भरून २४ तास भिजत घाला. भिजलेला कार्बन हवेतला ऑक्सिजन शोषतो, म्हणून टाकीत किंवा बंद खोलीत वाकून काम करू नका. ओली वाळू पाच घमेली आणि भिजलेला कार्बन एक घमेलं असं फरशीवर फावड्याने एकजीव करा. भिजल्यावर कार्बन थोडा बसतो, त्याने प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येतं. मिश्रण चराच्या काठावरून ओतलं तर वाळू आधी खाली जाते, कार्बन वर राहतो आणि तळाच्या मीटरभर भिंतीत नुसती वाळू उरते. त्या वाळूतून ॲट्राझिन बिनधास्त पलीकडे जातं. बकेट तळापर्यंत नेऊन तिथेच उलटी करा आणि प्रत्येक अर्ध्या मीटरला दांडीला बांधलेल्या नळीने नमुना काढून, वाळवून, चाळून कार्बनचं प्रमाण बघा.

माथ्यावर जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), त्यावर अर्धा मीटर दाबलेली काळी माती, वर जमिनीपेक्षा थोडा उंच वरंबा. दोन्ही टोकांना दगड पुरून खूण करा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी तिथून पाइपलाइन नेईल.

भिंत चालते का

नळ्या वरच्या बाजूला १ मीटरवर, भिंतीच्या मध्यात, खालच्या बाजूला १ मीटरवर आणि दोन्ही टोकांच्या बाहेर. पहिली दोन वर्षं तेच चार महिने: मे, ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी.

विहीर लगेच सुधारणार नाही. भिंत ते विहीर ४० मीटर असेल तर दिवसाला ०.९ मीटरने पाणी ४४ दिवसांत पोचतं, पण ॲट्राझिन मुरमाला चिकटत-सुटत येतं. मुरमात ०.१ टक्का सेंद्रिय कार्बन धरला तर ते पाण्याच्या साडेचारपट हळू सरकतं. म्हणजे सहा-सात महिने, आणि शेवटचा अंश त्याहूनही रेंगाळतो. त्या काळात विहिरीचा आकडा खाली येत नाही म्हणून भिंत उकरायला घेऊ नका. भिंतीलगतची खालची नळी बघा.

टोकाच्या नळीत ॲट्राझिन दिसलं तर पाणी वळसा घालतंय, भिंत लांबवा. वरच्या आणि खालच्या नळीतल्या पाण्याच्या पातळीत फरक दर पावसाळ्याला वाढत गेला तर भिंत तुंबतेय. शंका असेल तर हजार लिटर पाण्यात ५ किलो साधं मीठ विरघळवून वरच्या नळीत सोडा आणि खालच्या नळीत विद्युत वाहकता रोज मोजा. मीठ हिशेबापेक्षा खूप आधी बाहेर आलं तर कुठेतरी फट आहे. मीठ जास्त दाट केलं तर जड पाणी तळाशी बुडतं आणि चाचणी फसते.

कार्बन संपत आल्याची पहिली बातमी ॲट्राझिन देत नाही, डीईए देतं. ते कार्बनला कमी चिकटतं, म्हणून मध्यातल्या नळीत डीईए आधी चढतं आणि ॲट्राझिन नंतर. डीईए मध्यात दिसलं की पुढच्या मेपर्यंत नवा माल मागवून ठेवा. जुना कार्बन काढताना तो वाळत पसरू नका, ओला असतानाच घट्ट पिशव्यांत भरा. तो पुन्हा भट्टीत तापवून घेणाऱ्या पुरवठादाराकडे द्यायचा असेल तर आधी मंडळाची लेखी परवानगी घ्या. ती मिळाली नाही तर तो धोकादायक कचरा केंद्रातच जातो, आणि सव्वातीन टनांच्या वाहतुकीचा खर्च भिंतीच्या मूळ अंदाजपत्रकातच धरलेला असायला हवा.